झाकणावरच्या रेघा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी ट्रंक आहे. कराडच्या एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवले आणि माझ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिले, 'शिपाई हंबीरराव'. पुढे 'शिपाई' पुसून 'हवालदार' झाले, तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच जास्त फुगले. जम्मू, तेजपूर सगळे पाहिले. गाडीची वाट बघताना जवान माझ्यावर पत्ते कुटायचे.

निवृत्तीनंतर आम्ही कडेगावला आलो. मी खाटेखाली गेले. पोटात गणवेश, पदके आणि कॅन्टीनची रम! दहा वर्षे मी त्या बाटल्या राखल्या. त्याचा मला अभिमान नाही.

मग एकदा हंबीररावांचे रक्त तपासले. काविळीचा विषाणू कित्येक वर्षे यकृतात मुक्काम करून होता, त्यात दारूची भर. डॉक्टरांनी दारू बंद सांगितली. हंबीररावांनी बाटल्या मोरीत ओतल्या. तेव्हापासून रोज सकाळी ते माझ्या झाकणाला आतून खडूने एक रेघ ओढत. न पिता गेलेल्या दिवसाची एक रेघ. कुलूप लावून किल्ली करदोट्याला अडकवत. बोलले कुणालाच नाहीत.

चार महिने रेघा जवानांसारख्या ताठ होत्या. मग हंबीरराव दिवसा झोपू लागले. सदरा उलटा घालू लागले. एकदा तर म्हशीला कडक सलाम ठोकून "जय हिंद, साब" म्हणाले. घर हसले. पण दोन दिवसांनी ते हाक मारली तरी धड उठेनात.

त्यांच्या पत्नीचा, मनुबाईंचा, भाऊ बाळासो आला होता. तो म्हणाला, "आक्का, दाजींनी परत सुरू केलीया. झोपू दे, उतरंल सांजच्यापातुर."

"वास न्हाई येत रं."

"ट्रंक उघड की! गोदाम हाय ते."

मनुबाईंनी किल्ली काढून मला फरफटत ओढले. खरे काय ते मला ठाऊक होते, पण सांगणार कशी? झाकण उघडले. बाटली नव्हतीच. होत्या फक्त रेघा. शेवटच्या आठदहा वाकड्या, एकमेकींवर पडलेल्या, एक तर थेट बिजागरीवर गेलेली.

मनुबाईंनी बोट फिरवत रेघा मोजल्या; बाटल्या ओतल्यापासून दिवसाला एक. "बाळासो, पिणारा माणूस असा हिशेब ठेवल व्हय? ह्यांच्या हाताला काय तरी झालंय. गाडी काढ!"

मुलीने, अंकिताने, झाकणाचा फोटो घेतला. दवाखान्यात हंबीररावांना तपासून आणि तो फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "ही नशा नाही. यकृत थकलंय. त्याला रक्तातली घाण गाळता येत नाही, ती मेंदूला बाधते. झोपू दिलं असतं तर शुद्धच गेली असती."

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी हंबीररावांनी विचारले, "मनू, म्हशीची धार कोण काढतंय?" सगळ्यांच्या जिवात जीव आला.

आता पोट साफ ठेवून ती घाण बाहेर काढणारे गोड औषध चालू आहे. दिवसातून तीनदा परसाकडे पळावे लागते. मनुबाई मागून ओरडतात, "हवालदार, दौडके चल!"

"दाजी, म्या चुकलो," बाळासो म्हणाला.

"तुजी न्हाई रं चूक, गड्या. दहा वर्षं तुमाला तशी सवय मीच लावली."

तो विषाणू घरच्यांनाही लागलेला असू शकतो, म्हणून घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घेतले. बाळासोने सुई बघताच डोळे मिटले, पण हात पुढे केला.

मित्रांनो, यकृत अधू झालेला माणूस बरळू लागला, गुंगीत गेला, तर त्याला तडक दवाखान्यात न्या. तो प्यायला की नाही, ते डॉक्टर बघतील. तुम्ही एवढेच करा, उतरेल म्हणून त्याला झोपवून ठेवू नका.