वेंडल होल्टेची रेष

"ही रेष तुटक का आहे?" वेंडल होल्टेने विचारलं. त्याच्या एका हातात कॉफीचा कागदी पेला होता, दुसऱ्या हातात टोपी, आणि बुटांना शुगरबीटच्या शेतातला काळा चिखल.

शेजारी उभा असलेला ओर्लिन, धान्यकोठाराचा मालक, चष्मा पुसायला लागला. नॉर्डालमध्ये अवघड प्रश्न आला की माणसं चष्मा पुसतात, आणि ज्यांना चष्मा नाही ती आभाळाकडे बघतात. शाळेच्या बंदिस्त व्हरांड्यात आभाळ नव्हतं.

"खाली लिहिलंय बघ," शेवटी ओर्लिन म्हणाला. "ठळक रेष म्हणजे रक्ताचं नातं. तुटक म्हणजे... आपलं ते, सांभाळलेलं वगैरे. बाकी यंदा बीट छान आलंय हं, वेंडल."

"छान आलंय," वेंडल म्हणाला.

दर ऑक्टोबरात पालकभेटीच्या संध्याकाळी जीवशास्त्राच्या वर्गाचे वंशवृक्ष या भिंतीवर लागायचे. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. निळ्या डोळ्यांचा माणूस निळ्या पेन्सिलीने रंगवायचा, तपकिरी डोळ्यांचा तपकिरी. पणजोबांच्या बोटींबरोबर नॉर्वेतून निळे डोळे आले ते अमेरिकेतल्या या गावात असे काही ठाण मांडून बसले होते की सगळी भिंत निळीशार दिसायची. त्या निळ्यात एकच तपकिरी वर्तुळ होतं. त्याखाली नाव होतं ब्रिटा होल्टे. आईच्या निळ्या वर्तुळातून तिच्याकडे पट्टीने काढलेली ठळक रेष आली होती. बापाच्या निळ्या चौकोनातून आली होती ती तुटक.

वेंडलने लिंबाची वडी घेतली, दोन माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, गणिताच्या मास्तरांना भेटला आणि मग घरी गेला. तिथून ताडकन निघून गेला असता तर गावाला महिनाभराचं खाद्य मिळालं असतं. ते द्यायची त्याची तयारी नव्हती.

वेंडल तसा नाकासमोर चालणारा माणूस. हंगामात तो साखर कारखान्याच्या साठवण-तळावर पायलर चालवायचा. ट्रक येऊन बीट ओततो, पट्ट्यावरून ते वर चढतं आणि पलीकडे डोंगराएवढा ढीग उभा राहतो, ते यंत्र म्हणजे पायलर. उरलेलं वर्ष तो लोकांच्या घर तापवायच्या भट्ट्या आणि पंप दुरुस्त करायचा. त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच होतं, आणि एक लोर्ना.

लोर्ना, त्याची बायको, त्याच तळावर ट्रकांची वजनं घ्यायची. ती मोठ्याने हसायची, आणि नॉर्डालमध्ये मोठ्याने हसणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. एका हंगामात टेक्सासहून आलेल्या कामगारांत रुबेन नावाचा एक तपकिरी डोळ्यांचा पोरगा होता. त्याच्या विनोदांना ती वजनकाट्याच्या खोलीत खो खो हसायची. पुढच्या उन्हाळ्यात ब्रिटा झाली. काही महिन्यांत तिच्या डोळ्यांत तपकिरी रंग उतरला. गावाने एक अधिक एक केले. माणसं सज्जन, तोंडावर वाकडा शब्द कुणी बोललं नाही. पाठीमागे बोलायला चर्चचं तळघर होतं आणि कॉफीही तिथे फुकट मिळायची.

वेंडलच्या आईने मात्र पाळण्यात वाकून एकदा म्हटलं होतं, "आपल्यात असे डोळे कुणाचेच नाहीत."

"आता आहेत," वेंडल म्हणाला होता.

तेवढ्यावर विषय संपला. लोर्नाला त्याने कधी विचारलं नाही, तिनेही कधी तो विषय काढला नाही. चार वर्षांपूर्वी ती कॅन्सरने गेली, आणि विचारायची जागाच उरली नाही.

घरी ब्रिटा स्वयंपाकघरात बसली होती. हॉटडिशचं, म्हणजे मांसावर बटाटे पसरून भाजलेल्या पदार्थाचं, भांडं ओव्हनमधून काढून तिने टेबलावर ठेवलं होतं, पण वरच्या बटाट्याला कुणी चमचा लावला नव्हता.

"बघितलंस?" तिने विचारलं.

"बघितलं. रेष सरळ आलीये."

"बाबा, चेष्टा नको करूस."

"चेष्टा नाही करत. पट्टी चांगली धरतेस."

"बाईंनी सांगितलं होतं, जेवढं माहीत आहे तेवढंच काढा." तिचा आवाज चढला. "तपकिरी रंग प्रभावी, निळा अप्रभावी. निळ्या डोळ्यांच्या माणसाकडे तपकिरीचं जनुक नसतंच. तुझ्याकडे नाही, आईकडे नाही. मग माझ्याकडे आलं कुठून? पुस्तकात चार घरांचा चौकोन आहे. चारही घरांत निळाच येतो. मी दहा वेळा काढून बघितला."

"चुकला असेल."

"चार घरांचा चौकोन कोण चुकतं? ट्रेव्हर ओल्सन मागून म्हणाला, ब्रिटाचं पाचवं घर टेक्सासमध्ये आहे. सगळे हसले. गावाला माहीत, वर्गाला माहीत, मलाच माहीत नाही. तुला माहीत आहे का?"

"माहीत आहे. तू माझी आहेस."

"कशावरून?"

सोळा वर्षं जी गोष्ट वेंडलला दिवसाउजेडी दिसत होती, ती कशावरून दिसते हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पोरगी उठली आणि खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ते हलकेच लावलं.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर त्याची थोरली बहीण आर्डिस घरी आली. तिच्या पर्समधून एक पांढरा खोका निघाला.

"हे औषधांच्या दुकानात मिळतं," ती म्हणाली. "तू नळीत थुंकायचं, ती नळीत थुंकेल, टपालाने पाठवायचं. तीन आठवड्यांत सोक्षमोक्ष. तुझं तर होईलच, त्या पोरीचंही भलं होईल."

"घेऊन जा."

"अरे, मूग गिळून किती वर्षं बसणार आहेस? लोक बोलतात."

"लोक माझ्या पंपाबद्दलही बोलतात. पंप चालतोय."

"हा पंप नव्हे, वेंडल!"

"तेच तर म्हणतोय." वेंडलचा आवाज कधी नव्हे तो मोठा झाला. "तळावर ट्रकांतल्या बीटाचा नमुना घेतात. पिशवीत भरतात, प्रयोगशाळेत पाठवतात, साखर किती, माती किती. बरोबर आहे, बीट विकत घ्यायचं असतं. मी काय पोरगी विकत घेतोय? साखर कमी निघाली तर परत पाठवू का तिला? आणि लोर्ना आज इथे नाही. ती नसताना तिच्या पाठीमागे मी नळीत थुंकणार नाही. जिवंतपणी तोंडावर विचारलं नाही, आता मेल्यावर टपालाने विचारू?"

आर्डिसने कोट चढवला. "तू सगळा लोर्नाचाच विचार करतोस. पोरीचा कोण करणार?" एवढं बोलून ती गेली. खोका मात्र टेबलावरच राहिला. संध्याकाळी वेंडलने बघितलं तेव्हा तो तिथे नव्हता.

आर्डिसचं ते शेवटचं वाक्य त्याला लागलं, कारण ते खरं होतं. आणखी एक गोष्ट त्याला लागली होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही. लोर्ना शेवटी शेवटी खिडकीजवळच्या पलंगावर पडून त्याच्याकडे टक लावून बघायची. तिला काहीतरी सांगायचं असेल, आणि आपण विचारावं म्हणून ती वाट बघत असेल, असं त्याला आता वाटायला लागलं. तो बिचारा दर वेळी उशी नीट करत राहिला.

सोमवारी तळ बंद होता. ऊन वाढलं की बीट ढिगात कुजतं, म्हणून गारवा येईपर्यंत ट्रक थांबवतात. वेंडल दुपारी शाळेत गेला. जीवशास्त्राच्या फ्रिशबाई प्रयोगशाळेत एकट्याच डबा खात होत्या. शिस्तीच्या म्हणून त्यांची ख्याती होती.

"मिस्टर होल्टे, मी तुम्हाला फोन करणारच होते," त्या उठून उभ्या राहिल्या. "त्या ट्रेव्हरला मी चांगला फैलावर घेतलाय."

"ट्रेव्हरचं राहू द्या. मला सांगा, ते चार घरांचं खरं आहे का?"

बाईंनी सँडविच खाली ठेवलं. "शिकवायला सोपं आहे," त्या म्हणाल्या. "वाटाण्याच्या फुलांना लागू पडतं. डोळ्यांना अर्धवटच."

त्यांनी फळ्यावर पिळदार शिडीसारखा डीएनए काढला. प्रत्येक पेशीत ही शिडी असते, तिच्या पायऱ्या चार अक्षरांच्या. अर्धी अक्षरं आईची, अर्धी बापाची. त्यातला एकेक तुकडा म्हणजे जनुक, म्हणजे एकेका पदार्थाची पाककृती.

"रंगाची पाककृती निळ्या डोळ्यांच्या माणसाकडेसुद्धा असते," बाई म्हणाल्या. "ती चालू करणारं बटण मंद असतं. आणि गंमत म्हणजे ते बटण शेजारच्याच जनुकात असतं. म्हणजे दिवा या खोलीत, बटण पलीकडच्या. शिवाय रंगाच्या कामाला आणखी बरीच जनुकं लागतात. समजा, बापाचं बटण मंद आहे आणि आईची दुसरीच कुठली तरी पाककृती बिघडलेली आहे. दोघंही निळे. पण मुलीला बापाकडून धड पाककृती मिळाली, आईकडून धड बटण मिळालं, तर तिचा दिवा लागू शकतो."

"म्हणजे होऊ शकतं?"

"होऊ शकतं. सहसा होत नाही." बाईंनी त्याच्याकडे सरळ बघितलं. "मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तुमच्या घरी तसंच झालं असेल असं मी म्हणू शकत नाही. झालं नसेल असंही म्हणू शकत नाही. डोळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. हे मी वर्गात आधी सांगायला हवं होतं, उद्या सांगेन. खात्री हवी असेल तर तपासणी आहे."

"ती मी करणार नाही."

"तो तुमचा प्रश्न आहे."

वेंडलने मान डोलावली, आभार मानले आणि व्हरांड्यात आला. मुलं जेवणघरात होती. ट्रकांवर खुणा करायचा पिवळा मेणखडू हंगामात त्याच्या खिशात कायम असायचा. तो काढून त्याने आपल्या चौकोनापासून तपकिरी वर्तुळापर्यंत रेष ओढली. हात कष्टाचा, चित्रकलेचा नव्हे. रेष वाकडी आली आणि बोटाएवढी जाड आली. मेणखडू पावसात धुतला जात नाही, खोडरबराने तर मुळीच नाही. दारात उभ्या असलेल्या फ्रिशबाईंनी सगळं बघितलं.

दुसऱ्या दिवशी गारवा आला आणि ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली. शाळा सुटल्यावर ब्रिटा तळावर आली. पायलरच्या केबिनची लोखंडी शिडी चढून तिने त्याच्यासमोर हॉटडिशचा डबा ठेवला. बगलेत तिचा वंशवृक्षाचा तक्ता होता.

"माझा गृहपाठ खराब केलास," ती म्हणाली.

"केला."

"आज बाईंनी बटणाचं शिकवलं. मग ट्रेव्हरने हात वर केला. म्हणाला, पण बाई, पुरावा नाही ना, मग ब्रिटाच्या बापाची रेष तुटकच पाहिजे. नियम आहे."

वेंडलने पट्टा थांबवला. खाली ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, त्याच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

"मग?"

"मी उभी राहिले. म्हटलं, ठीक आहे, मग सगळ्या भिंतीच्याच रेषा तुटक करा. ट्रेव्हर, तुझ्याकडे कुठला पुरावा आहे? तुझे डोळे तुझ्या बाबांसारखे निळे आहेत, पण ते तर ओर्लिनकाकांसारखेही आहेत. या गावात निळे डोळे कुणाचे नाहीत? तुम्ही सगळ्यांनी घरी विचारलंत, घरच्यांनी सांगितलं, तुम्ही पट्टीने रेष मारलीत. मलाही माझ्या घरच्यांनी सांगितलंय. खडूने सांगितलंय."

"बाप रे," वेंडल म्हणाला. "आणि बाई?"

"बाई म्हणाल्या, मुद्दा रास्त आहे."

खालून भोंगा पुन्हा वाजला. वेंडलने खिडकीतून हात बाहेर काढून "थांब!" अशी खूण केली. हंगामात ट्रक थांबवायची त्याची ही पहिलीच वेळ.

"तो खोका माझ्या खणात आहे," ब्रिटा हळूच म्हणाली. "मी तो फेकलेला नाही, बाबा. फेकणारही नाही. अठराची झाले की कदाचित उघडेन. तू थुंकू नकोस, मी एकटी करेन. माझ्या एकटीच्या नळीवरूनही पूर्वज कुठले ते कळतं. मला खोटं नाही बोलायचं तुझ्याशी."

त्याला नको म्हणावंसं वाटलं, तिच्या खणातून तो खोका काढून ढिगाखाली गाडावासा वाटला. पण तिने आईच्या हसण्यासारखंच हेही काही न लपवता सांगितलं होतं, आणि लोर्नाला विचारायचं जे राहून गेलं ते हिला अडवून भरून निघणार नव्हतं.

"उघड," तो म्हणाला. "तो खोका तुझा, उत्तरही तुझं. जे येईल ते येईल. माझी रेष काही त्या नळीतून निघालेली नाही." मग त्याने हॉटडिशचं झाकण काढलं. "तू जेवलीस?"

"नाही."

"मग बस. चमचा एकच आहे."

तिने तक्ता उलगडून त्याच्या मांडीवर ठेवला. वर कोपऱ्यात फ्रिशबाईंच्या लाल अक्षरांत वीसपैकी अठरा होते. खाली शेरा होता, "रेष पट्टीने काढलेली नाही. दोन गुण कमी."

वेंडल तो शेरा वाचून हसला. नॉर्डालमध्ये हसत नाहीत एवढ्या मोठ्याने हसला. मग त्याने तक्ता केबिनच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावला आणि पट्टा सुरू केला.

हंगाम नोव्हेंबरपर्यंत चालला. बीटाची धूळ केबिनमध्ये कशावरही बसते. पेन्सिलीचा निळा रंग आधी गेला, मग तपकिरी गेला, लाल शेरा गेला. शेवटच्या ट्रकच्या दिवशी त्या मळकट कागदावर पिवळी वाकडी रेष तेवढी दिसत होती.