आज बर्फ नको

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. किन्हवलीच्या पाड्यांवर लस पोचवण्यात माझी चौदा वर्षे गेली. आत गारवा राखायचा, एवढेच मला शिकवले होते. गावची आशा सेविका रुपाली मला खांद्याला लावून निघाली, की पोरे भोकाड पसरून पळत.

एकच फेरी मी निराळी केली.

पाड्यावरच्या आठ वर्षांच्या रविनाला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. हातपाय ठणकू लागले की तिची शाळा बंद. तेव्हा तिची आई माधुरी बाळंत होणार होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले, की नाळेतल्या रक्तात मूळपेशी असतात आणि त्यांच्यापासून रविनाच्या अंगात निरोगी रक्त तयार होऊ शकते. पण भावंडाचे रक्त जुळण्याची शक्यता चारात एक, आणि जुळले तरी हमी नाही.

सगळे तयार झाले. अडली ती रविनाची आजी बाईजा. ती पाड्यावरची सुईण. निम्म्या लेकरांची वार, बाळामागून पडणारी, तिनेच अंगणात पुरलेली.

"बाळाला इचारलं का कोनी?" तिने विचारले.

रुपालीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, की आजींचा प्रश्न रास्त आहे. कोणाच्या पेशी घ्याव्यात, परवानगी कोणी द्यावी, यावर जगभर वाद चालू आहेत. गर्भातल्या पेशींबद्दल तर अजून एकमत नाही. इथे मात्र नाळ कापल्यावर वारेत उरलेले रक्तच घेणार, बाळाला सुईसुद्धा टोचणार नाही. बाईजा कबूल झाली, पण वार घरी आली पाहिजे या अटीवर.

वैशाखात तालुक्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. रक्ताची पिशवी भरली, फाटकात मुंबईला जाणारी गाडी उभी राहिली. रुपालीने सवयीने माझ्यात बर्फाचे चार पॅक लावले. मीही ऐटीत तयार झाले. बाईजाने पिशवीवर तळवा ठेवला.

"गो रुपाली, हे अजून ऊन हाय. जित्या रगताला बर्फात कशाला घालतेस?"

"आजी, लस अशीच नेतात."

"मग ही लस हाय का?"

रुपालीने पिशवी उलटी केली. मागे चिठ्ठी होती: बर्फात ठेवू नये. तिने चारही पॅक काढले. त्या दिवशी मी फक्त बाहेरचे ऊन आत येऊ दिले नाही. वार झाकणाच्या डब्यातून बाईजाच्या मांडीवर घरी गेली.

रक्त जुळले, ते रविनाला दिले. उपचार लांबले, तपासण्या अजून चालू आहेत, पण रविना आता रोज शाळेत जाते. मी निवृत्त होऊन तिच्याच अंगणात आले. माझ्यावर चढून ती कैऱ्या काढते. झाकणाला तडा तिनेच पाडला. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्या पेटीला जपा, पण तिच्यात काही ठेवण्याआधी त्यावरची चिठ्ठी वाचा. आणि बोलता न येणाऱ्याच्या वतीने कोणी प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका.

बाळ आता बोलू लागले आहे. परवा बाईजाने त्याला समोर बसवून विचारलेच, "तुजं रगत ताईला दिलं. चाललं ना रे?"

त्याने नीट ऐकून घेतले आणि ताईच्या हातातली कैरी मागितली.