भिंतीवरची चौथी ओळ

सुलो निएमेला यांच्या सौनाच्या, म्हणजे वाफेने घाम काढायच्या लाकडी खोलीच्या, भिंतीवर तीन ओळी आहेत. तापवलेल्या सळईने फळीवर डागलेल्या. आर्व्हो, १९७१, नऊ पावलं. रेनो, १९८३, अकरा पावलं. सुलो, १९९४, चार पावलं. लाकडी धनुष्याने अस्वल मिळवणाऱ्याचंच नाव तिथे लागतं, आणि बाण किती पावलांवरून सोडला तेही. कप्प्या आणि तारा लावलेल्या नव्या धनुष्याने अस्वल मारणाऱ्यांना त्या सौनात घाम गाळायची मुभा आहे, भिंतीला टेकायची नाही.

आर्व्हो आणि रेनो गेले. सुलो शहात्तर वर्षांचे झाले. आणि सुलोंचा जावई ओन्नी याला चौथी ओळ हवी होती.

अडचण परवान्याची होती. मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या अंगाला अस्वलाचा परवाना सोडतीने मिळतो. ओन्नीने नऊ वर्षं अर्ज केले आणि आठ वर्षं सरकारकडून नकाराचं पत्र घेतलं. यंदा नंबर लागला. आता चुकलं तर पुन्हा नऊ वर्षं धरून चालायची, म्हणजे तेव्हा सुलो पंचाऐंशीचे. आणि सळई सुलोंशिवाय कोणी धरायची नाही, हा नियम सुलोंनीच केला होता. आताच त्यांचा कॉफीचा कप बशीवर वाजत होता.

त्यामुळे सप्टेंबरात ओन्नीने रस्ते खात्यातून सहा दिवसांची रजा काढली, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं हिकरीच्या लाकडाचं धनुष्य घेतलं आणि तो कॅम्पवर आला. कॅम्प म्हणजे दोन बाकांची खोली, चूल, सौना आणि सुलो.

पहिला दिवस आमिषाचा खड्डा भरण्यात गेला. खड्ड्यात शिळे डोनट, वर ओंडके. ओंडके हलले की समजायचं अस्वल येऊन गेलं. बाकी कोणाची ते हलवायची ताकद नसते. खड्ड्यापासून दहा पावलांवर फांद्यांचा आडोसा केला आणि बसायला रंगाची रिकामी बादली ठेवली.

"बारा पावलांच्या पुढे बाण सोडायचा नाही," सुलो म्हणाले.

"माहीत आहे, मामा."

"समोरून तोंड करून असेल तर सोडायचा नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणणाऱ्यांच्या ओळी भिंतीवर कुठे आहेत बघा, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अस्वल आलं. मोठं, काळं, एकटं. ओंडका त्याने गादीवरची उशी सरकवावी तसा सरकवला आणि ते आडवं उभं राहिलं. दहा पावलं. ओन्नीने दोरी ओढली. सहा फुटी धनुष्याचं खालचं टोक बादलीवर आपटलं. टण. पाहुणचार संपला हे अस्वलाला कळलं आणि ते निघून गेलं, जाताना एक डोनट घेऊन.

"उन्हाळाभर सराव कुठे केलात?" सुलोंनी विचारलं.

"अंगणात."

"उभ्याने?"

"हो."

"मग अस्वलाने सांगितलं होतं का, तुम्ही बसा म्हणून?"

ओन्नीने बादली काढली आणि तिसऱ्या दिवसापासून तो गुडघ्यावर बसू लागला. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी एक मादी दोन पिल्लं घेऊन आली. पिल्लांसोबतच्या मादीला मारायचं नसतं. तिघांनी मिळून दोन दिवसांत साठ डोनट खाल्ले. ओन्नी ते मोजत होता, कारण गुडघ्यांकडे लक्ष द्यायची त्याला भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी पाऊस पडला. धनुष्य चिंब झालं. लाकडी धनुष्य भिजलं की कोरडं पुसून त्याला अस्वलाची चरबी चोळायची, नाहीतर लाकूड पाणी पितं आणि मऊ पडतं. चरबीचा डबा फळीवर असायचा. चौऱ्याण्णवच्या अस्वलाची चरबी, सुलोंनी तीस वर्षं जपून वापरलेली.

ओन्नीने डबा उघडला. आत तळाला एक चमचा ओढल्याची खूण होती आणि दुसरं काही नव्हतं. चमचा कोणाचा ते ओन्नीला चांगलं ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात त्याने त्याच चरबीने स्वतःचे बूट चोळले होते. दोन्ही.

सुलो बाकावर घोरत होते. चुलीवर तव्यात सकाळच्या बेकनची चरबी थिजून पांढरी झाली होती. ओन्नीने तव्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, परत तव्याकडे पाहिलं. चरबी ती चरबी, अस्वलाची काय न् डुकराची काय, असं स्वतःला समजावून त्याने धनुष्य या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळलं. चांगलं चकाकलं. डब्यातल्यापेक्षा छान चकाकलं.

सहाव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, दुपारी निघताना सुलोंनी धनुष्य मागितलं. दोरी तपासली. धनुष्य नाकाजवळ नेलं. मग त्यांनी ओन्नीकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अकरा वर्षांच्या जावईपणात सुलोंचा हात ओन्नीच्या खांद्यावर एकदाच पडला होता, बर्फावरून घसरताना आधारासाठी. आज बर्फ नव्हता.

"जा," सुलो म्हणाले. "आज होईल."

ओन्नीला वाटलं पकडलो गेलो. पण म्हातारा काही बोलला नाही, म्हणून तोही बोलला नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो आडोशात गुडघ्यावर बसला होता. धनुष्य मांडीवर आडवं, बाण दोरीला लावलेला. नजर खड्ड्यावर. ओंडके जागच्या जागी. वारा पाठीमागे वाहत होता. खड्ड्याकडून येणाऱ्याला त्याचा वास लागणार नाही, म्हणून तो खूश होता. पाठीमागे कोण आहे याचा विचार करण्याची त्याला गरज वाटली नव्हती.

पाठीमागे अस्वल होतं.

आधी फांद्यांमधून श्वास आला, गरम आणि ओला. मग नाक आलं. नाकाने ओन्नीच्या टोपीचा वास घेतला आणि टोपी नापास केली. बुटांजवळ ते थोडं थांबलं. मग धनुष्याच्या खालच्या टोकाशी पोचलं आणि तिथेच रमलं. मग दात आले.

धनुष्य हातातून सोडायचं नाही, हे सुलोंनी इतक्या वेळा सांगितलं होतं की ओन्नीने ते सोडलं नाही. बाण दोरीवरून निसटून त्याच्या मुठीत आला. अस्वलाने धनुष्य ओढलं. ओन्नीने ओढलं. अस्वलाने परत ओढलं, पण त्यात जोर नव्हता, बाजारात भाव करताना पिशवी धरून ठेवतात तेवढाच.

घाबरल्यावर ओन्नी अदबीने बोलतो. दंतवैद्याशी, पोलिसाशी, बायकोच्या मावशीशी.

"अहो," तो म्हणाला, "सोडता का?"

अस्वलाने सोडलं नाही. साडेतीनशे पौंडांचं जनावर एक पाऊल मागे सरलं आणि ओन्नी फांद्यांसकट दोन पावलं पुढे आला. तेव्हा त्याला सासऱ्यांच्या शिकवणीत एक फट दिसली आणि त्याने धनुष्य सोडलं.

अस्वल ते घेऊन खड्ड्याकडे गेलं आणि दहा पावलांवर बसलं. आडवं बसलं. पुढचा पाय पुढे पसरून, बरगड्या उघड्या टाकून, मान खाली घालून. नऊ वर्षं ओन्नी झोपण्याआधी डोळे मिटून जे चित्र बघत आला होता, ते हुबेहूब हेच. अंतर बरोबर, कोन बरोबर, उजेड बरोबर. त्याच्या हातात बाणही होता. फक्त धनुष्य अस्वलाकडे होतं.

ते अस्वलाने चाटलं. वरच्या टोकापासून सुरुवात केली, मूठ आली तिथे जास्त वेळ दिला, मग खालचं टोक. मग उलटवून पाठ. ओन्नीने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. बाण हाताने फेकून मारावा असं एकदा त्याच्या मनात आलं, पण चौथ्या ओळीत तसं लिहिता आलं नसतं. शेवटी अस्वलाने धनुष्य गवतात ठेवलं, डोनटांच्या खड्ड्याकडे एकदा पाहिलं आणि पोट भरल्यासारखं चालू पडलं.

अर्ध्या तासाने ओन्नीने धनुष्य उचललं. ते मोडलं नव्हतं. खालच्या टोकाला दातांच्या चार खुणा होत्या. इतकं स्वच्छ ते नवं असतानाही नव्हतं.

कॅम्पवर व्हर्ना आली होती. व्हर्ना ओन्नीची बायको. तिने पेस्टी आणल्या होत्या. बटाटा, सलगम आणि गोमांस भरलेल्या त्या थोराड करंज्या थंड होऊ नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळल्या होत्या. सौना तापला होता. सुलोंनी सळई चुलीत घालून ठेवली होती. ती लाल झालेली ओन्नीला दारातूनच दिसली आणि त्याला पेस्टी नकोशी झाली.

त्याने सगळं सांगितलं.

"त्याने धनुष्य ओढलं," व्हर्ना म्हणाली, "आणि तू काय केलंस?"

"विनंती केली."

"कोणाला?"

"त्यांना."

व्हर्नाने टॉवेल तोंडावर धरला आणि ती बाहेर गेली. बाहेरून बराच वेळ आवाज येत होता.

सुलो हसले नाहीत. त्यांनी धनुष्य दिव्याखाली धरून दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"मामा, एक सांगायचं राहिलं," ओन्नी म्हणाला. "चरबी संपली होती. म्हणजे मी संपवली होती, बुटांना लावून. काल तव्यातलं बेकनचं लावलं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

"मला कळलं होतं. दुपारीच वास आला."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

सुलोंनी धनुष्य मांडीवर ठेवलं. "दुसरं धनुष्य कुठे होतं?"

"कुठलं दुसरं?"

म्हातारा जावयाकडे बघत राहिला. दुपारी बघितलं होतं तसाच, पण आता त्यात जरा दुःख मिसळलं होतं.

"चौऱ्याण्णवची माझी गोष्ट सांगा," ते म्हणाले.

ओन्नीला ती पाठ होती. सगळ्या तालुक्याला पाठ होती. "तुम्ही श्वास रोखला. अस्वल आलं. थेट तुमच्या धनुष्यापाशी आलं आणि धनुष्याला नाक लावलं. मग तुम्ही चार पावलांवरून बाण सोडला."

"धनुष्याला नाक लावलं. आणि चार पावलं."

"हो."

"मग माझे हात किती लांब आहेत?"

ओन्नीने स्वतःचा हात पुढे करून पाहिला. चुलीत लाकूड तडकलं.

"जुनं तडा गेलेलं धनुष्य होतं," सुलो म्हणाले. "बेकनची चरबी चोळली आणि झाडाला टांगलं. चांगलं धनुष्य घेऊन चार पावलांवर बसलो. ते आलं, माझ्या धनुष्याला नाक लावलं. माझंच होतं ते. हातात होतं असं मी कधी म्हटलं नाही."

"तीस वर्षांत कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. भिंत नाव विचारते, साल विचारते, पावलं विचारते. धनुष्यं किती होती हे विचारत नाही." त्यांनी थांबून नाक पुसलं. "आज दुपारी वास आला तेव्हा वाटलं, याने स्वतःचं स्वतः शोधून काढलं. दुसरं धनुष्य आडोशात आधीच ठेवलं असेल. मला फार बरं वाटलं हो, जावईबापू."

ओन्नीला त्या क्षणी अस्वलाने आपल्यालाही नेलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

व्हर्ना आत आली, डोळे पुसत. "सळई लाल झालीय, बाबा. काढून ठेवू? वाया जाईल."

"वाया कशाला जाईल?" सुलो उठले. हातमोजा घालून त्यांनी सळई उचलली आणि सौनात गेले. दोघं मागोमाग गेली. "भिंतीचा नियम काय, व्हर्ना?"

"लाकडी धनुष्यावर ज्याने मिळवलं, त्याचं नाव."

"यंदा लाकडी धनुष्यावर कोणी मिळवलं?"

ओन्नी म्हणाला, "मी तर नाही."

"मग? अकरा मिनिटं त्यावर कोण जेवलं?"

सुलोंनी लिहायला सुरुवात केली. हात थरथरत होता, म्हणून डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं. एकेका अक्षरातून धूर निघत होता. अस्वल, २०२४. मग ते मागे वळले.

"पावलं किती लिहू?"

"शून्य," ओन्नी म्हणाला.

सुलोंनी शून्य काढलं. चौथी ओळ पूर्ण झाली. मग त्यांनी तिच्याखाली चार बोटं जागा सोडली, सळई पुन्हा टेकवली आणि पाचव्या ओळीच्या सुरुवातीला आणखी एक गोल डागला.

"हे कोणाचं शून्य?" व्हर्नाने विचारलं.

"शून्य नाही ते. याच्या नावाचं पहिलं अक्षर आहे." ओन्नीचं नाव तिथल्या लिपीत गोलानेच सुरू होतं. "नऊ वर्षांनी माझा हात कसा असेल कोणाला ठाऊक. एक तरी अक्षर आज नीट काढून ठेवलेलं बरं."

त्यांनी सळई पाण्याच्या बादलीत बुडवली. वाफ वर गेली.

"आणि ते बूट उद्या इथेच ठेवून जायचे," ते वाफेतून म्हणाले. "झाडाला टांगायला होतील."