पेटत्या मनोऱ्याचं विझणं

मित्रांनो, मी एक जुना मनोरा आहे. तेलाच्या कारखान्यातला उरलासुरला गॅस माझ्या माथ्यावर जाळत असत. वेल्डरांनी मला जोडून उभं केलं आणि मी जन्मभर ऊर भरून जळलो. परगावाहून परतणारे लोक माझी ज्योत दिसली की म्हणायचे, "आलं बरं का घर." मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरे होतं.

पण माझ्या धगीनं आणि धुरानं हवा बिघडते, हे मोठ्या माणसांना फार उशिरा पटलं. मग शेजारच्या वीजकंपनीशी करार झाला. गॅस जाळायचा नाही, पाइपानं त्यांना द्यायचा. तेवढा कोळसा त्यांनी कमी जाळायचा. दोन्ही कंपन्यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, तरी सह्या झाल्या.

पहिल्या दिवशी कंट्रोल रूममध्ये ताई बसली होती. फोरमनसुद्धा तिला ताईच म्हणतात. तिनं माझा गॅस बंद केला. माथ्यावर फक्त अडीअडचणीसाठीची छोटी ज्योत उरली. आज जमलं नाही तर करार मोडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दाब चढू लागला, पण पाइपातून गॅस जाईना. ताईनं पलीकडे वीजकंपनीतल्या ऑपरेटरला फोन लावला.

"दादा, तुमचा व्हॉल्व्ह अजून बंदच?"

"तुम्ही उघडलात की आम्ही उघडायचा, असं सांगितलंय आम्हाला."

"अहो, आम्हाला नेमकं उलटं सांगितलंय."

इथंच घोडं पेंड खात होतं. काही बिघडलं तर आधी उघडेल त्याच्यावर खापर फुटणार, म्हणून दोघंही थांबलेले. दाबाचा काटा धोक्याच्या लाल रेषेला टेकत आला. माझा जीव टांगणीला लागला.

ताईच्या मागे उभे असलेले आमच्या कारखान्याचे साहेब म्हणाले, "पेटवा मनोरा. यांच्याशी आपला संसार व्हायचा नाही."

"साहेब, जरा थांबा," ताई म्हणाली. "दादा, मी तीनपर्यंत मोजते. तीन म्हटलं की दोघंही एकदम उघडू."

"म्हणा, ताई."

तिनं तीन म्हटलं. काटा तिथंच थरथरला आणि मग हळूहळू खाली आला. ताई घटाघटा पाणी प्यायली.

आता माझ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. ताई तेवढी दुर्बिणीतून छोटी ज्योत तपासते, कारण पलीकडे बिघाड झाला तर गॅस माझ्याकडेच येणार. मित्रांनो, मला खुशाल विसरा, पण ती ज्योत जपा. आणि 'आधी तुम्ही' म्हणत अडून मात्र बसू नका. तुम्ही अडलात की पेटावं मलाच लागतं.