येतो

इंग्रजी फाडफाड बोलता आलं तर पावणे गावच्या एका कंपनीत टेलिफोनवर कामाला घेऊ, असं उन्नतीला सांगितलं होतं. म्हणून सारसोळे कोळीवाड्याची ही पोर नेरूळला शहाजी सरांच्या क्लासला बसली. सर साताऱ्याकडचे आणि चुकीच्या बाबतीत महाखडूस. घरात रोज जे बोलता तेच इंग्रजीत बोला, हा त्यांचा नेम. मग काय, उन्नतीने घर डोक्यावर घेतलं! आई भागीरथी कोळंबी सोलता सोलता ‘गिव्ह मी वॉटर’ ऐकून कपाळाला हात लावायची. बाप मात्र भारी हौशी. ओहोटी लागली की गोटीराम जाळं खांद्यावर टाकून होडीकडे निघायचा आणि अंगणातून ओरडायचा, “आय ॲम कमिंग!”

“या,” भागीरथी चुलीपासून म्हणायची. तिला इंग्रजीतलं तेवढंच एक कळायचं.

हे वाक्य उन्नतीने वहीत लिहून नेलं आणि फसली. “निघताना कमिंग? अहो, निघालेला माणूस गोइंग!” सर म्हणाले, आणि अख्खा वर्ग खिदळला. पोरीला ते फार लागलं. घरी येऊन तिने राग बापावर काढला.

“बाबा, तू चुकीचं बोलतोस. गोइंग बोलायचं.”

“आमच्यान जातो बोलत नाय गो, बाय. जातो बोलतान ते मसनान.”

“इंग्रजीला कुठे कळतंय आपलं मसण?”

शहाणपण हो, दुसरं काय! पण लेकीचा चेहरा पडलेला गोटीरामला बघवत नसे. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणातून एकेक अक्षर तोलत म्हटलं, “आय ॲम गोइंग.” भागीरथीला तो नवा शब्द कळला नाही. तिचं ‘या’ राहून गेलं.

संध्याकाळी होडी खाडीकाठच्या तिवरांत अडकलेली सापडली, जाळं आत तसंच. माणूस नाही. बारा दिवस गावाने खाडी पालथी घातली. बायका बांगड्या उतरवायला आल्या तेव्हा भागीरथीने हात पदराखाली घेतले. “मानूस दिसला नाय तवर नाय,” ती म्हणाली.

तेराव्या दिवशी, भर सकाळी, ओहोटी लागली आणि अंगणातून आवाज आला. “आय ॲम गोइंग.”

उन्नती धावली. अंगणात चिटपाखरू नव्हतं. पायरीवर चिखलाची दोन ओली पावलं होती, टाचा घराकडे, बोटं अंगणाकडे. खाडीचा वास सुटला होता. दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तास उशिरा लागली आणि आवाजही पाऊण तास उशिरा आला. तेच वाक्य, तसंच तोलून म्हटलेलं. उन्नतीच्या मनात एकच आलं. मीच शिकवलं हे. मी दिलेला शब्द घेऊन गेला, म्हणून त्याला घरात येता येत नाही.

मग तो शब्द बदलायला हवा! ती दारातच बसली आणि सरांसारखी घोकवून घ्यायला लागली. “बाबा, माझ्यामागून म्हण. आय ॲम कमिंग.” बाप घरात यावा, एवढंच तिला हवं होतं. मग तो कसा का येईना.

चार दिवस उत्तर एकच. “गोइंग.” पाचव्या दिवशी भर दुपारी आवाज अडखळला. कुणीतरी खाकरलं. अवघड शब्दाआधी गोटीराम असाच खाकरायचा.

“आय ॲम… कमिंग.”

“बाबा!” उन्नती उभी राहिली, दार सताड उघडलं. मागून भागीरथी आली. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. तिने पदराला हात पुसले आणि रोजच्यासारखं म्हणाली, “या.”

उन्नती उंबऱ्याकडे बघत राहिली. पाऊल उमटलं, पण पायरीच्या खाली. मग दुसरं, अंगणात. कोरड्या मातीत, लख्ख उन्हात, एकेक ओलं पाऊल खाडीकडे निघालं. कुठेही थांबलं नाही.

“आई, अगं थांबव त्याला! येतो बोलला ना तो! कमिंग बोलला!”

“निघताना मानूस तेच बोलतो, बाय,” भागीरथी म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसून बांगड्या उतरवायला लागली.