तागडी आणि दुसऱ्या राजाची नाणी

माझ्या पणजीची दांडी बांबूची होती आणि पारडी नारळाच्या करवंटीची. ती सुपारी तोलीत असे. आजीची दांडी शिसवी, पारडी तांब्याची. तिने केशर तोलले. आई नखशिखांत पितळेची. तिने जन्मभर सोने तोलले आणि म्हातारपणी तिलाच वितळवून मला घडवण्यात आले. मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे. परंतु कुळ सांगितल्यावाचून स्वतःविषयी बोलण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. आता नीट बसा आणि ऐका.

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आण्णा पोतदार या सोनारांनी मला घडवले. दांडीच्या डाव्या टोकाला दोर ओवण्यासाठी भोक पाडताना त्यांचा हात किंचित आत सरकला. तांदळाच्या दाण्याएवढाच. त्यांनी लगेच योग्य जागी दुसरे भोक पाडले आणि दोर त्यात ओवला. पहिले भोक तसेच राहिले. माणसाच्या गालावर तीळ असतो, तसे ते माझ्या अंगावर होते. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

गुजरीत माझा शब्द अखेरचा असे. पुढे आण्णांची नजर मंदावली. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या वर्षी त्यांनी मला शाहूपुरीत राहणाऱ्या नृसिंहराव मास्तरांच्या हाती दिले. मास्तर शाळेत इतिहास शिकवीत आणि उरलेल्या वेळात संशोधन करीत.

"न्या की मास्तर," आण्णा म्हणाले. "सोनं तोलून कंटाळलीया ती. आता तुमचं शिसं तोलू द्या. पर पुसून ठेवत जावा, न्हाईतर रुसंल."

शिसे म्हणजे शिशाची जुनी नाणी. नेसरीच्या एका शेतकऱ्याला नांगरताना ती मडक्यात सापडली होती. घराबाहेर न्यायची नाहीत, एवढ्या अटीवर त्याने ती मास्तरांना अभ्यासासाठी दिली होती. काही नाण्यांवर एका राजाचे चिन्ह होते, काहींवर त्याच्या मुलाचे.

मास्तरांचे घर त्यांची थोरली बहीण चालवीत असे. तिला सारे अक्का म्हणत. तिची स्वतःची मुलगी श्यामलाही. अक्काच्या तोंडून निघालेला निकाल सहसा फिरत नसे. श्यामलाला रसायनशास्त्र शिकायचे होते, तेव्हा अक्काने "लग्न" एवढा एकच शब्द उच्चारला होता. त्या वेळी मास्तर मध्ये पडले होते. "अक्का, निकाल तुझाच. पण आधी एक वर्ष दे. तिला शिकून बघू दे, मग ठरव." अक्काने कुरकुरत ते वर्ष दिले. वर्षाअखेरीस श्यामला वर्गात पहिली आली आणि लग्नाचा विषय मागे पडला. मी त्या घरात गेले, तेव्हा ती महाविद्यालयात शिकवू लागली होती.

भाद्रपदात मास्तरांनी बापाची, म्हणजे पहिल्या राजाची, नाणी माझ्यावर तोलली. नाणे डाव्या पारड्यात, वजने उजव्या. मग नवरात्र आले. खंडेनवमीला घरातल्या साऱ्या हत्यारा-अवजारांची पूजा होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. अक्काने विळी, अडकित्ता, मास्तरांची लेखणी असे सारे मांडले आणि मलाही उतरवले. पारडी सोडून चिंचेने लखलखीत घासली, दोर पुन्हा ओवले, हळदकुंकू वाहिले. तसा मान मला गुजरीतही मिळाला नव्हता.

दसऱ्यानंतर मास्तरांनी मला टांगले, तर मी एका बाजूला कललेली. घासण्याने पितळ झिजले असेल, असे त्यांना वाटले. हलक्या पारड्याच्या बुडाशी त्यांनी मेणाचा पासंग लावला, काटा सरळ उभा राहिला आणि ते मुलाची नाणी तोलू लागले. प्रत्येक नाणे हलके भरले.

मास्तरांनी निष्कर्ष काढला: बापाने चोख नाणे पाडले, मुलाने शिसे चोरले. राज्य त्याच्याच काळात का बुडाले, याचे उत्तर त्यांना सापडले. कोल्हापुरात विद्वानांची सभा भरायची होती. तिथे ते हा निबंध वाचणार होते. वाचून झाला की छापला जाणार, छापला की मुलांच्या पाठात येणार. हजारो वर्षांपूर्वी मेलेला एक राजा कायमचा चोर ठरणार होता, आणि स्वतःची बाजू मांडायला तो काही येऊ शकत नव्हता.

सभेच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणे झाल्यावर श्यामलाने निबंध वाचला.

"मामा, पारडी पालटून तोललंत?"

"काटा बघ. सरळ आहे."

"रिकामी असताना सरळ आहे."

"ऐका," अक्का पानाला चुना लावत म्हणाली. "ह्याचे केस पांढरे झाले, आणि ही ह्याला तोलायला शिकवणार. परवापर्यंत हिला भाताला पाणी किती घालायचं कळत नव्हतं की."

"अजून कळत नाही, अक्का. पण हे कळतं."

मास्तरांचा आवाज चढला. "श्यामले, उद्या सभा आहे. एक नाणं हलकं भरलं असतं तर मीही थांबलो असतो. सगळीच्या सगळी हलकी आहेत."

"म्हणूनच विचारते. सगळी एकसारखी हलकी असली, तर नाण्यांवर संशय घ्यायचा, तसा तागडीवरही घ्यायला हवा. मामा, अक्कानं माझा निकाल लावला होता. तुम्ही माझ्यासाठी एक वर्ष मागून घेतलंत. मी ह्या राजासाठी एक दुपार मागते."

मास्तरांनी मला खाली घेतले आणि मुलाचे एक नाणे डाव्या पारड्यात ठेवले, हलके भरले. तेच नाणे उजव्यात आणि वजने डाव्यात, जड भरले. मग त्यांनी बापाचे एक नाणे घेतले. भाद्रपदात डाव्या पारड्यात ते पुरे भरले होते. आता तिथेच तेही हलके भरले.

"म्हणजे बापही चोर," अक्का म्हणाली.

श्यामलाने माझ्या दांडीवरून बोट फिरवले. डावा दोर आतल्या भोकात होता. त्यामुळे माझा एक हात आखूड झाला होता. मेणाने मला रिकामी असताना सरळ केले होते. भार पडताच आखूड हाताकडचे सारे हलके दिसत होते.

अक्काचा हात पानावर थबकला. "दोर मीच ओवला. भोक दिसलं, त्यात घातला. देवाच्या कामात दोन भोकं कोण बघतंय."

माझ्याविषयी म्हणाल, तर मला जसे बांधले तसे मी सांगितले. तागडी याहून अधिक काही करू शकत नाही. मला तपासण्याचे काम तुमचे.

दोर पुन्हा बाहेरच्या भोकात गेला. संध्याकाळपर्यंत दोघांनी सारी नाणी पारडी पालटून तोलली. बाप आणि मुलगा सारखेच भरले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सभेत तेवढेच सांगितले. परत आल्यावर त्यांनी अक्काला हकीकत ऐकवली. एका विद्वानांनी विचारले होते, "मग आपण नवीन काय मांडलंत?" मास्तर म्हणाले होते, "नवीन काही नाही. मी राजाला तपासलं, तागडीला तपासलं नव्हतं. एक खोटं सांगता सांगता राहिलो, एवढंच." टाळ्या फारशा पडल्या नव्हत्या.

पुढे श्यामलाने मला महाविद्यालयात नेले. तिथल्या वसंत नावाच्या शिक्षकाने माझ्यावर शाहूवाडीचे भात तोलले. कोणत्या खताने दाणा भरतो, हे त्याला ठरवायचे होते. तोही पारडी पालटल्यावाचून बोलत नसे. नंतर नवी ग्रॅमची वजने आली, काचेच्या पेटीतले नाजूक काटे आले आणि मी कपाटात गेले. आता माझ्यावर धूळ आहे. मित्रांनो, मला पुसा, ही माझी आज्ञा समजा. आणि इतिहास असो, रसायन असो वा शेती, जे तोलता आहात त्यावर संशय घेण्याआधी ज्याने तोलता आहात ते एकदा पालटून पाहा.

वर्षातून एकदा मात्र मला शाहूपुरीत नेत. सभेनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला अक्काने मला चिंचेने घासले आणि दोर हातात धरून ती थांबली.

"श्यामले, इकडं ये. दोर तू ओव."

श्यामलाने बाहेरचे भोक शोधून दोर ओवला. अक्काने दोन्ही पारड्यांना हळदकुंकू वाहिले आणि भावाकडे न बघता म्हणाली, "नृसिंहा, हिच्यासाठी माझ्याकडून एक वर्ष नेलं होतंस. ते फिटलं."

"पुरतं फिटलं?" मास्तरांनी विचारले.

अक्काने मला उचलून धरले. काटा सरळ होता. तरीही तिने एका पारड्यात सुपारी ठेवली, दुसऱ्यात वजन. मग दोन्ही पालटून पुन्हा पाहिले.

"पुरतं," ती म्हणाली.