दुपारची हाक

माझी मुलगी विद्यापीठात फॉरेन्सिक सायन्स आणि गुन्हेशास्त्र शिकते. पहिल्या वर्षी तिने घरातल्या एकूण एक कपावर पावडर मारून बोटांचे ठसे काढले. तेव्हा ती मला ‘संशयित’ म्हणायची.

काल ती जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली होती.

“बाबा, आई गेली त्या दिवशी मी साडेपाचला घरी आले. तुम्ही म्हणालात, पाचला चहा पिऊन ती आडवी झाली.”

“हो.”

“मी तिचं उघडं तोंड मिटायला गेले, तर हनुवटी हलेना. जबडा इतका ताठ व्हायला दोन-तीन तास तरी लागतात. आज शिकवलं.”

मी पुसलेला पेला पुन्हा पुसत राहिलो.

“सरांना विचारता आलं असतं,” ती म्हणाली. “म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं.”

मग मी सांगितलं. त्या दुपारी पडद्याच्या रंगावरून आमचं वाजलं होतं. तिची आई आतल्या खोलीत गेली आणि मी बाहेर टीव्ही लावून बसलो. दोनच्या सुमारास तिने हाक मारली. मला वाटलं, भांडण अजून संपलेलं नाही. मी गेलो नाही. पाचला चहा घेऊन आत गेलो, तेव्हा सगळं संपलं होतं.

मुलीने वहीचं पान उलटलं.

“किती वेळा हाक मारली?”

“एकदाच.”

तिने मान हलवली आणि वही मिटली.

हाका तीन होत्या. तिसरी मी टीव्हीचा आवाज वाढवल्यानंतरची होती, आणि तीही मला ऐकू आली होती.